कणकुंबीचा पाऊस एका चौकोनात मावत नाही

परवा खानापूरकडच्या मामांचा फोन आला, म्हणाले धूळवाफ पेरून बसलोय, पावसाआधीच कोरड्या मातीत बी टाकून, मृग कोरडा गेला, आणि तू तिकडनं सांगतोस पाऊस वाढणार म्हणून? झालं असं, की मी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, हवामानाची मॉडेल्स, म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेला हवामानाचा हिशोब, आपल्याकडं पाऊस वाढेल म्हणतात. भाऊ म्हणाला सगळ्या थापा, बहीण म्हणाली थापा कशा, 2019 च्या ऑगस्टात पूर आला तो काय होता मग?

मला दोघांचं पटत नाही, आणि मामांपुढं तर मीच चुकलो.

जगाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं, एकेक साधारण 100 किलोमीटरचा. तसल्या एकाच चौकोनात खानापूर तालुक्यातलं घाटमाथ्यावरचं कणकुंबी, बेळगाव, गोकाक सगळं येऊ शकतं. बेळगावात वर्षाला 1300 मिलिमीटरच्या आसपास पडतो, कणकुंबीत त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त, पूर्वेला गोकाककडं गेलं की जेमतेम पाचशे-सहाशे, आणि मॉडेलला ह्या सगळ्याची एक सरासरी दिसते. त्यात घाटाची उंचीही सपाट होते, मग ढग अडायचे कशाला?

भावाचा मुद्दा अगदीच खोटा नाही, 1951 ते 2015 मध्ये देशाचा मान्सूनचा पाऊस साधारण 6 टक्के घटला, पश्चिम घाटातही घटला, आणि ही घट बऱ्याच मॉडेल्सना नीट पकडता आली नाही, हवेतल्या धुराच्या कणांचा हिशोब अवघड पडतो. पण तापमान वाढणार हे त्यांनी बरोबर सांगितलं. हवा एक डिग्री तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडेल तेव्हा धो धो पडेल, ह्यावर माझा भरवसा आहे. मृग कधी लागेल, पुनर्वसूचा तरणा पाऊस साधेल का, ते मात्र त्यातनं कळत नाही.

मी राहतो एक्झेटरला, ब्रिटनच्या हवामान खात्याचं मुख्य ऑफिस इथंच. त्यांनी 2019 मध्ये देशाचे 2.2 किलोमीटरचे चौकोन करून भविष्यातल्या तासाभराच्या मुसळधार पावसाचे अंदाज काढले. आणि आपल्याकडं कळसा-भांडुऱ्यावरनं, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या प्रकल्पावरनं, इतकी वर्षं भांडण चाललंय, 2018 ला लवादानं टीएमसीत (अब्ज घनफुटांत) वाटपही केलं, पण पुढच्या चाळीस वर्षांत कणकुंबीत किती पडेल हे इतक्या बारकाईनं मोजा असं कुणी जोर लावून मागत नाही. मला त्याचा राग येतो, खरंच येतो. गावोगाव पर्जन्यमापक आणि घाटापुरतं बारीक मॉडेल, एवढं तरी मागूया की.

मामा रोजचा पाऊस कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहितात, पत्र्याच्या डब्यात काठी बुडवून, बोटांत. जुनी कॅलेंडरं माळ्यावर गुंडाळून ठेवलीत. डिसेंबरात आलो की त्या सगळ्या कॅलेंडरांचे फोटो काढणार, आणि तो डबाही मोजून घेणार.