चित्रकूटच्या पदवीबद्दल उठवलेली आवई

"चित्रकूटचं ग्रामोदय विद्यापीठ खाजगी ट्रस्टचं, तेही यूपीतलं, तिथली पदवी सरकारी नोकरीला चालत नाही." हा फॉरवर्ड सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. फिरेना का! पण तो वाचून आमच्या वन्संनी लेकाला कृषी बीएस्सीचा फॉर्म भरू नकोस म्हणून बजावलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

आधी पदवीचंच बघू, कारण मुलाचं नुकसान तिथे आहे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, 1956 मधलं कलम 22 काढा. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत दर्जाची (म्हणजे केंद्राने विद्यापीठासारखी मानलेली) संस्था, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. आणि मध्य प्रदेश विधानसभेचा 1991चा 9 क्रमांकाचा अधिनियम खास या विद्यापीठासाठीच केलेला आहे. आज कुलाधिपती, म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख कोण, तर राज्याचे राज्यपाल. आता कसला ट्रस्ट? बरं, राज्याच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या खाजगी विद्यापीठालाही हेच कलम लागू होतं. म्हणजे 'खाजगी' हे घटकाभर खरं धरलं, तरी 'म्हणून पदवी चालत नाही' हे कुठून आलं? लिहिणाऱ्याने ना कायदा वाचलाय, ना वाचायची इच्छा दिसतेय.

ट्रस्टची भानगड कुठून आली तेही सांगते. विद्यापीठाची कल्पना समाजसेवक नानाजी देशमुखांची, पहिले कुलाधिपतीही तेच. परभणीकडचा आपला माणूस, हे मान्य. पण पुढे त्यांनी ते पद सोडलं आणि दीनदयाल शोध संस्थान या त्यांनीच काढलेल्या संस्थेच्या कामात राहिले. संस्थान वेगळं, विद्यापीठ वेगळं. दोन्ही चित्रकूटला आणि दोन्हीकडे नानाजींचं नाव, म्हणून लोकांनी सरमिसळ केली.

यूपीचं म्हणाल तर चित्रकूटला जाताना उतरायचं कर्वीचं स्टेशन यूपीत आहे, विद्यापीठ मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यात. गाडीतून उतरलं ते राज्य, असा हिशेब असतो का?

फॉरवर्डच्या शेवटी एक कहर आहे: हे विद्यापीठ म्हणे अत्रि ऋषींच्या आश्रमापासून अखंड चालू आहे! अहो, स्थापना 12 फेब्रुवारी 1991ची. अत्रि-अनसूयेचा आश्रम तिथे दाखवतात, म्हणून काय त्यांच्या सहीची गुणपत्रिका मिळते?

फॉरवर्डमधली 'देशातलं पहिलं ग्रामीण विद्यापीठ' ही बढाई मात्र विद्यापीठाकडूनही ऐकू येते, त्यामुळे फॉरवर्डवाल्याला एकट्याला दोष देत नाही. ग्रामीण विद्यापीठांची शिफारस उच्च शिक्षणासाठी नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने 1949 मध्येच केली होती. तमिळनाडूतली गांधीग्राम ग्रामीण संस्था 1956ची, तिला अभिमत दर्जा 1976 मध्ये मिळाला. राज्याच्या कायद्याने निघालेलं, अशी अट घालून पहिलं म्हणायचं तर म्हणा.

दूरशिक्षणाचा कोर्स असेल तर त्या सत्राची यूजीसी मान्यता वेगळी तपासावी लागते, ती शंका रास्त आहे. पण आमच्या भाच्याला वसतिगृहात राहून शिकायचंय. वन्संना कलम 22 पाठवलंय. त्यांनी अजून उघडलेलं दिसत नाही.