शेजारच्या खुर्चीतली तीस वर्षं

2025 च्या एप्रिलमध्ये अभिषेक नायरला भारतीय क्रिकेट संघाच्या सहायक प्रशिक्षकपदावरून दूर केल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. न्यूझीलंडकडून घरच्या मैदानांवर 0-3, मग ऑस्ट्रेलियात 1-3. एवढं झाल्यावर मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर जागच्या जागी, आणि जेमतेम आठ-नऊ महिन्यांपूर्वी आलेला सहायक घरी. चिडायचंच होतं तर बोर्डावर चिडायला हवं होतं. पण आमचा एक वर्गमित्र, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला, सहायक या जमातीवरच घसरला. एवढे कोच लागतातच कशाला? बॅटिंगचा वेगळा, बोलिंगचा वेगळा, कॅच कसा घ्यायचा ते सांगायला आणखी एक. ज्याच्यात दम असतो तो मुख्य होतो, बाकीच्यांची सोय लावलेली असते. खाली अंगठ्यांची रांग.

मी इकडून, अमेरिकेतून, बिल गथरिज यांचं नाव टाकलं. एकाच माणसाच्या शेजारी तीस वर्षं सहायक म्हणून बसलेला बास्केटबॉलचा प्रशिक्षक. उत्तर लगेच आलं: "तीस वर्षं? मग त्याच्यात दमच नसणार."

ग्रुपवर मी पुढे काही लिहिलं नाही. तिथे तीन ओळींच्या वर कोणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितो.

मी राहतो तिथून चॅपेल हिल, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं गाव, अर्ध्या तासावर आहे, आय-40 महामार्गावर काम चालू नसेल तर. टोबॅको रोडवर, म्हणजे बास्केटबॉलवेड्या विद्यापीठांच्या या पट्ट्यात, राहणाऱ्या माणसाला कुठला तरी एक निळा रंग निवडावाच लागतो: गडद ड्यूक विद्यापीठाचा, फिका चॅपेल हिलचा. आमच्या घराने फिका निवडला, कारण मुलगी तिथे शिकली आणि फी आम्ही भरली. तिथले बास्केटबॉलचे मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ म्हणजे इथलं दैवत. 1961 ते 1997 अशी छत्तीस वर्षं, 879 विजय, 1982 आणि 1993 ची राष्ट्रीय विजेतेपदं. मायकेल जॉर्डन त्यांचाच, हे आमच्या ग्रुपलाही माहीत आहे. ज्याला कोणाला माहीत नाही तो शेजारच्या खुर्चीतला माणूस. गथरिज कॅन्ससमधल्या पार्सन्स गावचे, स्मिथही कॅन्ससचेच, एम्पोरियाचे. 1967 मध्ये गथरिज चॅपेल हिलला आले आणि स्मिथ उठेपर्यंत हलले नाहीत. उंच खेळाडूंना पायांची कामं शिकवायची, फ्री थ्रो घटवून घ्यायचे, हे त्यांचं खातं. 1976 ला मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सुवर्णपदक जिंकलं तेव्हाही मुख्य स्मिथ आणि सहायक गथरिज.

बोलावणी आली नाहीत असं नाही. 1978 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचं मुख्यपद जवळजवळ घेतलंच होतं, आणि मग ते परत फिरले. याला दम नसणं म्हणायचं असेल तर म्हणा. मला ते उलटं दिसतं. स्वतःच्या नावाची पाटी लागायची वेळ आल्यावर ती नको म्हणणं आमच्या त्या मित्राला जमलं असतं का? त्याने शाखाधिकारी होण्यासाठी कुडाळची बदली घेतली होती आणि तिथे पोचल्या दिवसापासून परतीचे अर्ज केले होते.

हे काम काय असतं तेही सांगतो, कारण "सोय" हा शब्द मला झोंबलाय. कॉलेज बास्केटबॉलमध्ये हंगामातले प्रतिस्पर्धी सहायकांमध्ये वाटलेले असतात. ज्याच्या वाट्याला जो संघ येतो, त्याने त्या संघाचे सामने रात्री बसून बघायचे, कोण डावीकडे वळतो, कोण दमला की चेंडू सोडतो हे काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी वीस वर्षांच्या पोरांना ते दहा मिनिटांत सांगायचं. तेवढंच त्यांच्या डोक्यात राहतं. सामन्यात कोणाचे किती फाउल झाले ते लक्षात ठेवायचं. मुख्य प्रशिक्षक पंचावर धावून निघाला तर त्याचा कोट मागून धरायचा. हे विनोदाने लिहीत नाही, टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाची शिक्षा, परवडत नाही. आणि खरं काम तर उन्हाळ्यात: परगावच्या जिममध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शाळकरी पोरांचे सामने बघणं, त्यांच्या आयांशी बोलणं, ज्या पोराने आधीच नाही म्हटलंय त्याच्या धाकट्या भावाला लक्षात ठेवणं. आता ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलायची सोय, आल्यापासून आणलेलं पोर टिकवणं हा वेगळाच व्याप. रॉय विल्यम्स 1978 मध्ये शाळेतली मुख्य प्रशिक्षकाची पक्की नोकरी सोडून स्मिथ यांच्याकडे आले ते पहिल्या वर्षी 2,700 डॉलरवर. घर चालवायला ते संघाची कॅलेंडरं विकत राज्यभर हिंडले, स्मिथ यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेप गाडीत घालून दर रविवारी स्टेशनांना पोचवत राहिले. दहा वर्षं अशी काढल्यावर 1988 मध्ये कॅन्सस विद्यापीठाने त्यांना थेट मुख्य केलं. पुढे ते चॅपेल हिलला परतले आणि 2005, 2009, 2017 अशी तीन विजेतेपदं आणली. म्हणजे मित्राचंच म्हणणं खरं, ज्याच्यात दम असतो तो मुख्य होतो? नाही. गथरिज राहिले आणि विल्यम्स गेले, आणि स्मिथ यांना दोघेही लागत होते.

स्मिथ यांची एक पद्धत होती: बास्केट केल्यावर खेळाडूने ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट करायचं. इथल्या शाळांमधली पोरंही करतात. आपल्याकडे शतक झाल्यावर बॅट कुठे कुठे उंचावली जाते ते आठवून बघा. (सचिनचं आचरेकर सरांबद्दलचं प्रेम मला माहीत आहे, ते काढू नका.)

आता यावर ग्रुपवरून काय येणार ते मला पाठ आहे: 2024 च्या टी-20 विश्वचषकानंतर राहुल द्रविडने पाच कोटींचं बक्षीस नाकारून पारस म्हांब्रे आणि इतर सहायकांइतकेच अडीच कोटी घेतल्याच्या बातम्या होत्या, ते विसरलास का? विसरलो नाही. चांगलंच केलं त्याने. पण त्या बातमीत सगळ्यांना द्रविडचा मोठेपणा दिसला. म्हांब्रेला निम्मे का ठरवले होते, हे कोणी विचारलं नाही.

1997 च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम तोंडावर असताना, स्मिथ अचानक निवृत्त झाले. एवढ्या उशिरा बाहेरून माणूस शोधणं शक्य नव्हतं, खुर्ची गथरिज यांच्याकडेच आली. ते साठ वर्षांचे होते. संघात विन्स कार्टर, अँटॉन जेमिसन. पहिल्या पाचांत खेळावेत असे सहा जण होते. कोणाचं मन मोडू नये म्हणून गथरिज यांनी सहाही जणांना पाळीपाळीने सुरुवातीला उतरवलं. आयुष्य शेजारच्या खुर्चीत काढलेल्या माणसालाच हे सुचतं, असं माझं मत आहे. 34 विजय, 4 पराभव, फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ. पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत वेबर स्टेटकडून दोन गुणांनी हार. तिसऱ्या वर्षी हंगामभर धडपड, जावईशोध लावणाऱ्या पंडितांची "याला काढा" अशी ओरड, आणि त्याच संघाला घेऊन पुन्हा फायनल फोर. मग उन्हाळ्यात निवृत्ती. तीन वर्षांत 80 विजय, 28 पराभव. 2015 च्या फेब्रुवारीत स्मिथ गेले, मे महिन्यात गथरिज.

इथवर वाचून मित्र म्हणेल, अमेरिकेत सगळं छानच, राहा तिथेच. तसं नाही. 1992 पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या संघटनेने, एक नियम लावला होता: प्रत्येक संघात एका सहायकाला वर्षाला 16,000 डॉलरच्या वर द्यायचे नाहीत. 12,000 हंगामाचे, 4,000 उन्हाळ्याचे. नव्या पोरांना संधी म्हणून, असं वर सांगायचं. विद्यापीठांनी मिळून माणसाची किंमत ठरवायची आणि ती सगळ्यांनी पाळायची! हे सहायक कोर्टात गेले. 1998 मध्ये, गथरिज पहिल्यांदा फायनल फोरला गेले त्याच वर्षी, अपील न्यायालयाने हा स्पर्धाविरोधी कट ठरवला, आणि 1999 मध्ये एनसीएएने 5 कोटी 45 लाख डॉलरवर तडजोड केली. आणि 2017 च्या सप्टेंबरमध्ये एफबीआयने लाचखोरीच्या प्रकरणात चार नामांकित विद्यापीठांचे प्रशिक्षक पकडले, ते चारही सहायक. चौघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. मुख्य प्रशिक्षकांपैकी एकावरही फौजदारी खटला झाला नाही. तेव्हा खालच्याने निस्तरायचं ही रीत फक्त वानखेडेवरच्या कार्यालयाची नाही, हे मान्य.

तरी एक फरक मी सोडणार नाही. इथे संघ हरला की आधी मुख्य प्रशिक्षक जातो, आणि त्याच्याबरोबर सहायकांचीही घरं हलतात. त्यांच्या मुलांनी तीन राज्यांतल्या शाळा बघितलेल्या असतात. आपल्याकडे मुख्य राहतो आणि सहायक जातो. इकडची रीत जास्त निर्दय आहे हे मला कळतं. पण निदान पराभव कोणाच्या नावावर मांडायचा याबद्दल गोंधळ नसतो. नायरला मात्र आयपीएलमधल्या कोलकात्याने लगेच बोलावलं, आणि ऑक्टोबरमध्ये मुख्यही केलं. ही बातमी ग्रुपवर टाकली तर मित्राने लिहिलं, "बघ, झाला ना मुख्य!" याच्याशी बोलायचं कसं?

आणि हे बोलतंय कोण, तर ज्याच्या राज्यात मुख्यमंत्री राहून गेलेली माणसं उपमुख्यमंत्री होतात. ज्याच्या घरी दर दिवाळीला छोटा गंधर्व लागतात. गोविंदराव पटवर्धनांनी जन्मभर दुसऱ्याच्या गाण्याला पेटीची साथ केली. त्यांच्यात दम नव्हता असं तू दादरच्या कट्ट्यावर म्हणून दाखव, मग मी चॅपेल हिलच्या गोष्टी बंद करतो.

पण मी एवढा का चिडलो, हेही लिहायला हवं, नाहीतर मित्र लिहीलच. कंपनीत मी इतकी वर्षं डायरेक्टरच्या शेजारी बसतोय. डायरेक्टर बदलतात, मी तोच. नव्या माणसाला कुठला ग्राहक कशाने भडकतो ते मी सांगतो, आणि तिसऱ्या महिन्यापासून तो ते स्वतःचं म्हणून मीटिंगमध्ये सांगतो. सुरुवातीला हिशेब साधा होता: ग्रीन कार्ड येईपर्यंत कुठे हलायचं नाही. ते आलं तेव्हा मुलीची शाळा होती. मग घराचा हप्ता. पेन स्टेटच्या वाटेवरून परत फिरायला पेन स्टेटने बोलवावं लागतं, हे मला माहीत आहे. गथरिज यांच्याशी माझी बरोबरी मीच करतोय, त्यांना विचारून नाही. डीन डोममध्ये, स्मिथ यांच्या नावाच्या स्टेडियममध्ये, एकवीस हजार लोकांबरोबर उभं राहून मी ओरडतो, शेजारचा अनोळखी माणूस माझ्या हातावर टाळी देतो, आणि पार्किंगमध्ये तोच विचारतो की मी मूळचा कुठला. रागाने नाही, सहज. मीही सहज सांगतो, सातारा, आणि मग मुंबईच्या दक्षिणेला एवढे मैल हे ठरलेलं वाक्य.

साताऱ्यात तरी मी मुख्य असेन असं वाटायचं. थोरला आहे. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे करायचं ते धाकट्याने ठरवलं, गच्चीवर पत्रे टाकायचे ते त्याने ठरवलं, आणि मला रविवारी फोनवर कळलं. त्याचं बरोबरच आहे. दवाखान्याच्या बाकावर तो बसतो. मी डॉक्टरांचे रिपोर्ट मागवतो, इंटरनेटवर वाचतो, दोन प्रश्न काढून देतो. म्हणजे तिथेही माझं काम रात्री बसून सामने बघणाऱ्याचंच. वहिनी म्हणते भावजींचे प्रश्न बरोबर असतात. डॉक्टरांना मात्र ते भाऊ विचारतो, स्वतःच्या भाषेत, आणि त्यातला एक गाळतो.

आता नदीकाठच्या रानाचं आलंय. विकायचं की वाट्याने द्यायचं, हे भावाने बहुतेक ठरवलेलं आहे. जानेवारीत सह्या करायला बोलावलंय. मित्र म्हणतो, आलास की समोरासमोर बसून वाद मिटवू, कुठल्याही शनिवारी ये. जाईन. फक्त त्याआधी त्याने एक सांगावं: बँकेत त्याचं ऑडिट दर वर्षी निर्धोक जायचं, ते कागद रात्री बसून लावणाऱ्या सहायक मॅनेजरचं नाव काय होतं?