मुलाच्या वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही

‘अल्पवयीन पोरगं गुन्ह्यात सापडलं तर सरकारी वकिलासाठी आधी तहसीलदाराचा दाखला आणा, तोवर ते कोठडीत’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार मुलांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट मुलांना नाहीच. (शिवाय ‘सरकारी वकील’ तर फिर्यादीच्या बाजूने उभा राहतो!) अर्ज तालुका विधी सेवा समितीत द्या किंवा 15100 ला फोन करा. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळानेही वकील मिळतोय ना, हे बघायचं असतं.

कोठडीचं म्हणाल, तर 2015 च्या बाल न्याय कायद्यात लॉकअपला साफ मनाई आहे. बेड्या नाहीत, चोवीस तासांत मंडळापुढे हजर करायचं. काळजी-संरक्षणाची गरज असलेली (म्हणजे अनाथ, सोडून दिलेली वगैरे) मुलं मात्र बाल कल्याण समितीकडे जातात.