आदिमानवाचं जेवण आणि एक ग्रॅमचा काटा

आदिमानवासारखं खायचं ठरवलं की पहिली खरेदी करावी लागते ती डिजिटल वजनकाट्याची. माणसाच्या नव्हे, स्वयंपाकघरातल्या. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि ‘टेअर’चं बटण असलेला हवा. रिकामी वाटी ठेवायची, बटण दाबायचं, आकडा शून्यावर येतो. मग वाटीत जे पडेल ते सगळं आपलं पाप. गुहेत राहणाऱ्या माणसाकडे असला काटा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्याकडे फ्रीजही नव्हता, आणि रात्री साडेअकराला फ्रीजचं दार उघडून त्या उजेडात उभं राहण्याची सवयही नव्हती.

नियम तोंडी सांगायला गेलं तर एका दमात संपतात. धान्य बंद, साखर बंद, कडधान्यं बंद, बियांची रिफाइंड तेलं बंद. मांस, मासे, अंडी, भाज्या, सुकामेवा चालू, फळं बेताने. आदिमानवी खाण्याचे पंथ दोन : पॅलिओ पंथ दूधदुभत्याला हात लावत नाही, प्रायमल पंथ दही, चीज आणि लोणी पोटात घालतो. शेंगदाण्याला मात्र दोन्ही दारं बंद, कारण तो रुबाबाने सुकामेव्यात बसत असला तरी कुळाने कडधान्य. वजन उतरवायचं तर कार्ब्ज, म्हणजे कर्बोदकं, दिवसाला ५० ते १०० ग्रॅम, आणि ५० च्या खाली गेलात की कीटोसिसचा प्रांत सुरू, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवू लागतं. नेहमीच्या २००० कॅलरींच्या खाण्यातल्या निम्म्या जरी कार्ब्जमधून आल्या, तरी त्यांचं वजन २५० ग्रॅम भरतं. म्हणजे नोकरी तीच, खर्च तेच आणि पगार मात्र पाव. साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं म्हणतात. देतो, पण कमरेवर.

आता या तुटपुंज्या पगारात घर चालवायचं. शितावरून भाताची परीक्षा इथे अगदी शब्दशः होते : शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कार्ब्ज. म्हणजे १५० ग्रॅम भात ताटात पडला की ४२ गेले. उकडलेल्या बटाट्यात १०० ग्रॅमला २०. मध्यम आकाराचं एक केळं २७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सोलण्याआधीच अर्धा दिवस संपला. पालक मात्र गरीब. चोथा वजा केला तर १०० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही. फ्लॉवर ३ वर थांबतो. म्हणूनच या पंथात फ्लॉवरचे हाल कुत्रा खात नाही. त्याचा भात करतात, त्याचा पिझ्झा करतात, त्याला कुस्करून बटाटा म्हणून वाढतात. फ्लॉवर बिचारा सगळं होतो, फक्त भात, पिझ्झा आणि बटाटा तेवढा होत नाही.

पहिल्या आठवड्यातली हमखास चूक कार्ब्जची नसून प्रथिनांची असते. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं खावीत, असं कुठेतरी कळतं. ८० किलोच्या माणसाने १०० ग्रॅमचा संकल्प सोडला, १०० ग्रॅम चिकन खाल्लं आणि हात धुतले. पण चिकन म्हणजे प्रथिन नव्हे. शिजलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं ३१ ग्रॅम, तीही छातीच्या मांसात. बाकी बहुतेक पाणी. कच्चं तोललं तर २२-२३, कारण शिजताना पाणी उडतं आणि उरलेलं घट्ट होतं. तेव्हा कच्चं तोलून शिजलेल्याचा आकडा लावू नये. वहीत तरी चोरी नको. अंड्याला ६ ग्रॅम धरा. नुसत्या अंड्यांवर १०० गाठायचे म्हणजे सतरा अंडी. चौथ्या दिवशी कोंबडीसुद्धा ओळख दाखवेनाशी होईल.

या सगळ्याला फार प्राचीन परंपरा आहे असं सांगतात. लेखी परंपरा मात्र लंडनच्या एका अंत्यविधीवाल्यापासून सुरू झाली म्हणायला हरकत नाही. विल्यम बँटिंग त्यांचं नाव. वय ६६, उंची पाच फूट पाच इंच आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे ९१ किलोंच्या वर. बूट बांधायला वाकता येईना, जिना उतरायचा तर उलटं, एकेक पायरी चाचपत. ऐकू कमी येतं म्हणून ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले, तर विल्यम हार्वी नावाच्या त्या डॉक्टरांनी कान तपासून ब्रेड, साखर, बटाटा आणि बिअर बंद केली. दुखणं कानाला आणि औषध ताटाला! पण बँटिंग साधारण वर्षभरात २० किलोंनी उतरले, आणि १८६३ साली त्यांनी स्वतःच एक पुस्तिका छापली. स्वीडिश भाषेत ‘डाएट करणं’ याला आजही त्यांच्याच नावावरून ‘बांता’ म्हणतात. गंमत अशी की त्यांच्या आहारात कोरड्या टोस्टचा तुकडा होता, जेवताना दोन-तीन ग्लास वाइन होती आणि झोपताना गरज पडलीच तर आणखी एक पेला. आजच्या कुठल्याही कडव्या प्रायमलवाल्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं.

आणि आदिमानवाचं म्हणाल तर त्याची साक्ष काढायला जाऊ नये, तो उलटतो. निअँडरथल माणसांच्या दातांवरच्या किटणात शिजवलेल्या पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, कण सापडलेत. जॉर्डनमध्ये १४,००० वर्षांपूर्वीच्या चुलीत जळक्या भाकरीचे तुकडे मिळाले, शेतीच्या कितीतरी आधीचे. उलट आपण ज्या ब्रोकोलीच्या जिवावर गुहेत शिरतो, ती ब्रोकोली, फ्लॉवर आणि कोबी ही तिन्ही एकाच वनस्पतीची रूपं, शेतकऱ्यांनी निवड करून करून घडवलेली. गुहेतल्या माणसाने जन्मात फ्लॉवर पाहिला नाही. आणि रानातला बदाम कडू असतो, चावला की सायनाइड सोडतो. त्याची मूठभर चैन जिवावर बेतली असती. तेव्हा इतिहास राहू द्या, आपण काट्याकडे परत येऊ.

पहिला आठवडा सुखाचा असतो. पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस बाथरूममधल्या काट्यावर चढतो आणि दोन किलो कमी! घरभर घोषणा होते, जुनी पँट कपाटातून निघते. इथे शरीराची हिशेबवही उघडून पाहायला हवी. स्नायूंत ४००-५०० ग्रॅम आणि यकृतात १०० च्या आसपास, एवढं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, आपण शिलकीत बाळगतो, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून बसतो. कार्ब्ज थांबले की ही शिल्लक मोडली जाते आणि पाणी वाट धरतं. दोन किलोंतली चरबी मुठीत मावेल एवढी. बाकी सगळं नळाला लागलं. हे कुणाला सांगू नये असं माझं मत आहे. आठवडाभर ब्रेडशिवाय राहिलेल्या माणसाला तेवढं सुख मिळायला हवं.

पाण्यापाठोपाठ मीठही जातं. इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं सोडियम पूर्वीसारखं धरून ठेवत नाहीत. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं जड, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, रात्री पोटरीत गोळा, आणि स्वभाव असा की शेजारच्याने ‘कसं काय?’ विचारलं तरी भांडण व्हावं. लोक याला साखरेचं व्यसन सुटण्याची लक्षणं समजतात आणि दात-ओठ खाऊन सोसतात. बरेचदा हवं असतं फक्त मीठ. अर्धा चमचा मीठ कपभर गरम पाण्यात किंवा हाडांच्या सूपमध्ये घालून दिवसातून एक-दोनदा घ्यावं. अनेकांचं डोकं त्याने उतरतं. मात्र रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे करू नये. आणि मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्याशिवाय कार्ब्ज तोडूच नयेत : जेवण कमी आणि औषध पूर्वीइतकंच, असं झालं तर साखर धोकादायक खाली जाते, आणि काही गोळ्यांबरोबर साखर फार न वाढताही रक्त आम्ल होऊ शकतं. या परिच्छेदातली शेवटची दोन वाक्यं विनोदी लेखाचा भाग नाहीत.

५० ग्रॅमच्या खाली राहिलात तर श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येतो. तो ॲसिटोन या कीटोनचा, आणि नेलपॉलिश रिमूव्हरमध्येही बरेचदा तेच असतं. कीटोन तपासायला लघवीत बुडवायच्या पट्ट्या जांभळ्या झाल्या की काही जण त्यांचे फोटो जपून ठेवतात. पण गडद जांभळा म्हणजे जास्त चरबी जळाली असं नव्हे. कमी पाणी प्यायलात तरी पट्टी गडद होते, आणि काही आठवड्यांनी शरीर सरावलं की फिकट पडते. बद्धकोष्ठाबद्दल एवढंच सांगतो की पालक ही शोभेची वस्तू नाही.

खरी परीक्षा सहाव्या आठवड्यात. काटा हलत नाही. भात नाही, ब्रेड नाही, साखर नाही, मग घोडं पेंड खातं कुठे? बहुतेक वेळा बदामाच्या बरणीत. ही बरणी ओट्यावर असते आणि आपण पाणी प्यायला जातो. झाकण फिरतं, हात आत जातो, मूठ बाहेर येते. ही मूठ तोंडाऐवजी एकदा काट्यावर उघडा. आकडा ३१, ३८, ४४ असा चढत ४५ वर थांबतो. १०० ग्रॅम बदामांत ५८० च्या आसपास कॅलरी, म्हणजे ही मूठ २६० ची. आता उरलेल्या दोन फेऱ्या आठवा : दिवसाचे झाले ७८०. माणूस दिवसाला ५०० कॅलरींची तूट काढायला निघाला होता. तूट भरून वर २८० शिल्लक, आणि वहीत नोंद ‘थोडे बदाम’. काजूचं तर नावच काढू नका. त्यात चोथा वजा करूनही १०० ग्रॅमला २७ ग्रॅम कार्ब्ज उरतात. तो सुकामेव्याच्या वेषातला भात आहे. तेलाचा मोठा चमचा १२० कॅलरींचा, आणि बाटलीतून थेट ओतणाऱ्याच्या हाताला चमचा ठाऊक नसतो.

दुसरं भगदाड पाकिटांचं. ‘शुगर फ्री’ चॉकलेटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात माल्टिटॉल लिहिलेलं असतं, म्हणजे साखरेऐवजी घातलेला गोडवा. ते रक्तातली साखर वाढवतं, साखरेपेक्षा कमी, पण वाढवतंच. आणि पाकीट एका बैठकीत संपवलं तर पुढचे काही तास माणसाने बाथरूमपासून फार लांब जाऊ नये. सॉसमध्ये साखर, ग्रेव्हीत कॉर्नफ्लोअर, सॉसेजमध्ये पिष्ट. लेबल वाचताना आधी ‘सर्व्हिंग साइज’ पाहावा. तिथे बिस्किट दीड लिहिलेलं असतं. दीड बिस्किट खाऊन उठलेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही.

मग ही पद्धत चालते तरी कशामुळे? मला विचाराल तर तिच्यात चमत्कार कमी आणि पोट भरणं जास्त. तीन उकडलेली अंडी खाल्ली की चौथं नुसतं समोरून बघत राहतं. बिस्किटांच्या पुड्याला हा संकोच नाही. २०१८ साली स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६०९ माणसं, १२ महिने, निम्म्यांना कमी कार्ब्ज, निम्म्यांना कमी फॅट. दोघांनाही भाज्या भरपूर, साखर-मैदा कमीत कमी. कमी फॅटवाले सरासरी ५.३ किलोंनी उतरले, कमी कार्ब्जवाले ६ किलोंनी. हा फरक मोजण्याइतका धरत नाहीत. तेव्हा ज्याला लोण्यावाचून करमत नाही त्याने कार्ब्ज सोडावेत आणि ज्याला ब्रेडवाचून करमत नाही त्याने लोणी. ज्याला दोन्ही एकत्र हवं असतं त्याचं अवघड आहे, आणि बहुतेक माणसं याच जातीची.

वजन करायचं तर सकाळी उठून, मोकळं होऊन, काही पोटात जाण्याआधी. रोज केलंत तरी विश्वास आठवड्याच्या सरासरीवरच ठेवावा, आणि पंधरा दिवसांनी बेंबीवर टेप लावून कंबर मोजावी. श्वास सोडून, पोट आत ओढून टेपला फसवता येतं, पँटला नाही. बायकांना महिन्यातले काही दिवस काटा किलो-दीड किलो उगाच जास्त दाखवतो. ते पाणी असतं. त्यावरून जेवण तोडू नये.

आणि मग एक दिवस येतो पार्टीचा. पिझ्झा, वर केक, वर आग्रह. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १.६ किलो जास्त! माणूस तिथेच, टॉवेलवर, सहा आठवडे पाण्यात गेले म्हणून डोक्याला हात लावतो. पाण्यात गेले हे खरं, पण वेगळ्या अर्थाने. रिकामी झालेली ग्लायकोजेनची कोठारं रात्रीत भरली, प्रत्येक ग्रॅमने आपलं तीन ग्रॅम पाणी परत बोलावलं, पिझ्झातल्या मिठाने आणखी थोडं अडवलं आणि उरलेला पिझ्झा अजून आतड्यातच आहे. एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी. १.६ किलो खरी चरबी चढवायला गरजेपेक्षा १२,३२० कॅलरी जास्त खाव्या लागतात. पिझ्झाचा तुकडा ३०० चा धरला तर रोजच्या जेवणावर एक्केचाळीस तुकडे. काल रात्री फार तर पाच झाले होते, आणि त्यातल्या शेवटच्याची कडा तर ताटातच राहिली होती.