पाय सुजला होता का?

शेफील्डच्या ज्या वाचनालयात मी नोकरी करते, तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचं चार वर्षांपूर्वी मोठं ऑपरेशन झालं. त्याआधी त्यांचा गुडघा बदलला होता, मग तो पाय सुजला, आणि दोन महिन्यांनी जिना चढताना दम लागायला लागला. त्यांना दम्याचा पंप दिला गेला, तो त्यांनी दीड वर्ष ओढला. एकदा बसथांब्यावर चक्कर येऊन पडल्या तेव्हा कुठे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आणि त्यांना या शहरातल्या रॉयल हॅलमशर रुग्णालयाच्या पल्मनरी हायपरटेन्शन केंद्रात पाठवलं. तिथे पहिल्याच दिवशी विचारलेल्या प्रश्नांत एक प्रश्न होता: याआधी कधी पाय सुजला होता का?

जानेवारीत चहा पिताना त्या हे सहज सांगत होत्या. मी कप खाली ठेवला आणि दादाला फोन लावला.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला. वहिनीला हाच आजार आहे, पल्मनरी हायपरटेन्शन. फुप्फुसातला बीपी, असं घरात म्हणतात. हाताला पट्टा बांधून मोजतात तो बीपी वेगळा. तिचा तो कायम नॉर्मल यायचा, म्हणूनच सगळे फसले. हृदयाच्या उजव्या बाजूतून रक्त फुप्फुसात नेणाऱ्या नळ्यांत दाब वाढतो, उजवं हृदय जोर लावून लावून थकतं, आणि माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. पहिलं वर्ष ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्यांत गेलं. दुसरं दम्याच्या पंपात. मध्ये कुणीतरी ‘मनाला फार लावून घेते’ असंही सांगितलं, आणि ते तिने खरं मानलं, हे मला सगळ्यात लागलं. “वन्सं, अंगणातनं गोठ्यात जायचं म्हटलं तर मध्ये दोनदा बसतो मी,” असं ती फोनवर म्हणायची आणि मी इथून ‘जप गं’ म्हणायची. शेवटी खानापुरातल्या एका तरुण डॉक्टरने इको काढायला लावला. पुढे मोठ्या दवाखान्यात फुप्फुसातल्या नळ्या सैल करणारी सिल्डेनाफिल आणि पाणी काढायची गोळी सुरू झाली.

त्या दिवशी फोनवर मी दादाला तोच प्रश्न विचारला. तो थोडा वेळ गप्प राहिला. धाकट्याच्या बाळंतपणानंतर वहिनीचा डावा पाय पोटरीपासून सुजला होता. बाळंतिणीला होतंच असं, म्हणून आईने तेल चोळलं, शेकलं, आणि महिन्याभरात सूज उतरली. आईला काय दोष देणार? तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

या आजाराचे पाच गट करतात. हृदयाच्या डाव्या बाजूचे आजार, आपल्याकडे लहानपणच्या संधिवाताच्या तापाने आवळलेली झडप हे त्यातलं मोठं कारण. फुप्फुसाचे जुने आजार. नळ्यांचाच मूळ आजार. काही किचकट कारणं. आणि चौथ्या गटात रक्ताच्या गुठळ्या. पायात धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाते, विरघळत नाही, नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून घट्ट होते. हा प्रकार वेळेवर ओळखला तर अनेकांना शस्त्रक्रियेने जवळपास मोकळं करता येतं. तो शोधायला व्हीक्यू स्कॅन लागतो, म्हणजे फुप्फुसात हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचत नाही याचं चित्र. आणि दाब नेमका किती, हे कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, थेट हृदयाच्या उजव्या बाजूत नेऊन मोजावं लागतं. इकोवर फक्त अंदाज येतो. वहिनीचं यातलं काहीच झालेलं नव्हतं. गोळी चालू होती, पण आजार कोणत्या गटातला आहे हे कुणी पाहिलं नव्हतं.

घरी फोनवर दवाखान्याचा विषय निघाला की गाडी आरोग्य योजनेच्या कार्डावर जाते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला, आणि तेव्हापासून आमच्याकडे आरोग्य म्हणजे कार्ड कुणाचं एवढाच वाद आहे. बाबांची बाजू मला पाठ आहे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते होते, दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातात. मराठीत कागद मिळावेत ही मागणी मीही माझीच मानते. कॅथेटर घालण्याआधीचा संमतीचा कागद वहिनीला वाचता येत नसेल, तर त्याखालच्या तिच्या सहीला अर्थ काय?

पण बाबा, कार्ड बेंगळुरूचं असो की मुंबईचं, मुख्यतः ते दाखल झालेल्या माणसासाठी आहे. ऑपरेशन, ॲडमिट, पॅकेज. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यावरचे १५ दिवस धरतात, त्यापुढची औषधं आपली आपण. वहिनीचा आजार महिन्याचे तीसही दिवस घरात असतो. गोळ्या, रक्ततपासणी, दर काही महिन्यांनी इको, बेळगावची खेप, दादाचा बुडलेला दिवस. गेल्या पावसाळ्यात ती म्हणाली, “दोन दिवस गोळीच नाही घेतलो, उसाचं बिल आलं नाही अजून.” ही गोळी अशी मध्येच सोडायची नसते. बीपी आणि साखरेच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून मिळतात, तशी हीसुद्धा दर महिन्याला जवळच्या सरकारी दवाखान्यातून मिळावी, यासाठी दोन्हीकडच्या आमदारांपैकी कुणी बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, बाहेर मराठी भाषकांच्या महामेळाव्याची हाक असते. या दोन्ही ठिकाणी हा मुद्दा निघावा, असं मला मनापासून वाटतं.

इथलं सगळं चांगलं आणि आपलं सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. शेजारच्या बाईंची दीड वर्षं इथेच वाया गेली. इथे इकोसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. बेळगावात सकाळी गेलं तर संध्याकाळी रिपोर्ट हातात येतो. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, बोसेंटान या आजाराच्या गोळ्या आपल्याकडेच बनतात आणि परदेशी ब्रँडच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळतात. वहिनीजवळ रात्री उठून बसणारं माणूस आहे. इथल्या बाई एकट्या राहतात.

पण एकदा आजार कळला की पुढचा रस्ता इथे आखलेला आहे. इंग्लंडने २००१ पासून या आजारासाठी मोजकी केंद्रं नेमली. शेफील्ड, केंब्रिज, न्यूकॅसल, लंडनमधली काही. खास औषधं या केंद्रांतूनच सुरू होतात, आधी गट ठरवून. गुठळ्या काढायची शस्त्रक्रिया तर सबंध ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या रॉयल पॅपवर्थ या एकाच रुग्णालयात होते. शेजारच्या बाई इथून दोनशे किलोमीटरवर जाऊन ती करून आल्या. म्हणजे अंतर इथेही आहे. फरक असा की कुठे जायचं हे रुग्णाला शोधावं लागत नाही. आणि केंद्रात किती रुग्ण आले, किती दिवसांत तपासले गेले, याचा देशव्यापी हिशेब केंद्रांच्या नावानिशी दरवर्षी छापला जातो.

बाईंच्या फ्रिजवर एक फोन नंबर चिकटवलेला आहे, केंद्रातल्या या आजाराच्या नर्सचा. पाय सुजले, वजन दोन दिवसांत दोन किलो वाढलं, सर्दीचं औषध घेऊ का, दात काढायचा आहे, काहीही विचारायचं असलं की त्या तिथे फोन करतात. वहिनीसाठी इथलं एकच काही उचलून न्यायचं म्हटलं, तर मी तो नंबर नेईन. यंत्रापेक्षा, इमारतीपेक्षा आधी. प्रशिक्षण घेतलेली, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी एक नर्स आणि एक फोन. बेळगावात दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुली प्रत्येक वॉर्डात आहेत.

अशी नर्स असती तर मेडिकलच्या दुकानातला प्रसंगही टळला असता. सिल्डेनाफिल हे नाव लोकांना दुसऱ्याच कारणासाठी, व्हायाग्रा म्हणून, माहीत आहे. बाईच्या हातात ती चिठ्ठी बघून काउंटरवरचा मुलगा हसला, आणि वहिनीने दुकानात जाणं सोडलं. चिठ्ठीवर ‘फुप्फुसाच्या दाबासाठी’ एवढं दोन्ही भाषांत लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. कर्नाटकातच दिवंगत अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने योजना चालू आहे: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायचा, मोठ्या हृदयकेंद्रातल्या डॉक्टरांनी तो दुरून बघायचा, आणि हार्ट ॲटॅक असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच फुकट द्यायचं. खानापूरच्या इकोचा रिपोर्ट त्याच वाटेने पाठवता येईल. केरळात ५० रुग्णालयांनी मिळून पल्मनरी हायपरटेन्शनच्या दोन हजारांवर रुग्णांची नोंद केली, त्यातून निम्म्याहून जास्त जणांचं मूळ हृदयाच्या डाव्या बाजूत आहे हे कळलं. आमच्या जिल्ह्यात असे किती जण आहेत, हे दादाने तीन ठिकाणी विचारलं. आकडा कुणाकडे नव्हता.

आणि सीमेचं म्हणाल तर आमच्या भागातला माणूस दवाखान्यासाठी बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, जिकडे गुण येईल तिकडे जातो. त्याची फाइल मात्र त्याच्याबरोबर जात नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं बेळगावात पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दोन्ही राज्यांनी एकमेकांचे रिपोर्ट आणि एकमेकांची शिफारस चिठ्ठी मानावी. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयातल्या २००४ पासूनच्या सीमाप्रश्नाच्या दाव्याच्या निकालाची वाट बघायचं कारण नाही.

पायाची गोष्ट दादाने डॉक्टरांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लगेच बेंगळुरूला व्हीक्यू स्कॅनसाठी लिहून दिलं. गुठळ्या निघाल्या तर पुढची शस्त्रक्रियाही बेंगळुरूत होते. नाही निघाल्या तर किमान कोणत्या गटाचं औषध द्यायचं ते कळेल. पण हा प्रश्न वहिनीपर्यंत पोचायला तिची नणंद शेफील्डला असावी लागली, हे मला रात्री झोपू देत नाही. नंदगडपासून कणकुंबीपर्यंत पंप ओढत बसलेल्या किती बायका असतील, ज्यांचं कुणी इथे नाही.

पुढच्या आठवड्यात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत. वहिनीला सपाट झोपता येत नाही, म्हणून दादा दोन उशा बरोबर घेणार आहे. डॉक्टरांना काय काय सांगायचं ते मी तिला मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून पाठवलंय, दादा खाली कन्नडमध्ये लिहितोय. पहिली ओळ डाव्या पायाची आहे.