मॉन्टिसेलो आधी कोणी वाचवलं?

अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलो या घराबद्दल एक मजकूर फिरतोय: लेवी नावाच्या मालकांनी ते जेफरसनच्या मुलीकडून फसवून लाटलं, त्याचं खंडर केलं, मग मोठ्या रकमेला विकलं, 1923 मध्ये ते विकत घेऊन जपणारा ट्रस्ट आला म्हणून मॉन्टिसेलो वाचलं. हे वाचून राहवलं नाही.

आधी फसवणुकीचं. जेफरसन 1826 मध्ये एक लाखाहून जास्त डॉलरचं कर्ज ठेवून वारला. 1831 मध्ये त्याच्या वारसांनीच घर जेम्स बार्कलेला विकलं. नौदलातला ज्यू अधिकारी युरिया लेवी आला 1834 मध्ये, आणि त्याने ते घेतलं बार्कलेकडून. घर आणि 218 एकर जमीन, 2,700 डॉलर. मग जेफरसनच्या मुलीच्या तोंडचा घास पळवला, तो कधी? धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिणाऱ्या जेफरसनबद्दल युरियाला मनापासून आदर होता. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधला जेफरसनचा पुतळा त्यानेच करवून दिला.

पैशाच्या लोभाचं म्हणाल, तर 1862 मध्ये वारलेल्या युरियाने मृत्युपत्रात मॉन्टिसेलो अमेरिकेच्या जनतेला दिलं होतं, फुकट! तिथे नौदलातल्या वॉरंट ऑफिसरांच्या अनाथ मुलांसाठी शेतीशाळा व्हावी, ही त्याची इच्छा. वारसांनी त्याला आव्हान दिलं आणि न्यायालयाने मृत्युपत्र रद्द केलं, हेही खरं. त्यातच यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारने घर जप्त करून विकलं होतं.

खंडर झालं ते याच काळात. युद्धानंतर घर लेवींकडे परत आलं, तरी वारसांचे कोर्टकज्जे चालूच राहिले, आणि व्हीलर नावाच्या रखवालदाराने दिवाणखान्यात धान्य साठवलं, तळघरात गुरं बांधली. 1879 मध्ये युरियाचा पुतण्या जेफरसन मन्रो लेवी याने इतर वारसांचे हिस्से विकत घेतले, ते 10,050 डॉलरला. मग स्वतःच्या खर्चाने छपरापासून दुरुस्ती केली आणि चव्वेचाळीस वर्षं घर सांभाळलं. ट्रस्टने 5 लाख डॉलर मोजले, ते या उभ्या घराचे.

एक गोष्ट मात्र लपवू नये: युरियाकडेही गुलाम होते. कौतुक करताना हे गाळणंही चुकीचंच.

ट्रस्टने पुढे मोलाचं काम केलं, पण लेवींचं नाव तिथे कित्येक वर्षं जवळपास पुसलेलंच राहिलं. युरियाची आई रेचल 1839 मध्ये मॉन्टिसेलोतच वारली. जेफरसनच्या गुलामांच्या खोल्या ज्या मलबेरी रो या वाटेवर होत्या, तिथेच तिची कबर आहे. पर्यटक शेजारून जात राहिले. तिची आणि लेवी कुटुंबाची ओळख सांगणारी पाटी लागली 1985 मध्ये.