२३१ रुपयांची कॉफी आणि फुकटची बस

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून एक बिल फिरतंय. मॉलमधल्या कॉफीचं. कॉफी २२०, त्यावर सीजीएसटी साडेपाच, एसजीएसटी साडेपाच, एकूण २३१. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि "एवढ्यात आमच्या घरी आठवडाभर चहा होतोय की", "तिघं मिसळ खाऊन येतील ह्यात", "पैसा जास्त झालाय लोकांना" असल्या कमेंटी. कमेंटी टाकणारे झाडून सगळे पुरुष. तिथे उत्तर दिलं तर लगेच "वहिनी, सीरियस होऊ नका" येणार, म्हणून इथे लिहिते.

आधी हिशेब करू, कारण गल्लीला हिशेब आवडतो. असल्या मोठ्या कपात डबल एस्प्रेसो घालतात, त्याला साधारण १८ ग्रॅम पूड लागते. पूड हजार रुपये किलोची धरली तरी ते झाले १८ रुपये. दूध दहाचं. कागदी कप, झाकण, साखरेच्या पुड्या, ढवळायची काडी मिळून आणखी दहा. चाळीस रुपयांच्या आत कॉफी तयार. बाकीचे पैसे जागेचं भाडं, एसी, दिवे, लाखांतलं ते मशीन, पोरांचे पगार आणि वर बसलेल्या कंपनीचा वाटा. आणखी एक भानगड आहे, ती बिलावर छापत नाहीत. नोव्हेंबर २०१७ पासून अशा ठिकाणी जीएसटी पाचच टक्के लागतो, पण त्या बदल्यात मालकाला त्याने स्वतः भरलेला कर वळता करून मिळत नाही. दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तो त्याला गिळावा लागतो. तो कशाला गिळतोय, आपल्याच कपात घालतोय.

तर २३१ मधले जवळजवळ दोनशे हे खुर्चीचे. इथवर गल्लीचं आणि माझं एकमत. पुढचं मात्र सांगा मला. ती खुर्ची बेळगावात बाईला दुसरीकडे कुठे मिळते?

तुमचं बरं आहे. चौकातला कट्टा आहे, पानपट्टी आहे, तालीम आहे, गणपतीच्या आधी महिनाभर मंडळाचं ऑफिस आहे. हॉटेलात चौघं शिरणार, दोन चहा बाय टू सांगणार आणि अर्ध्या अर्ध्या कपावर तासभर महापालिका चालवणार. 'विनाकारण बसू नये' ही पाटी तुमच्या डोक्यावरच लटकत असते, पण ती तुमच्यासाठी नसते. आमच्यासाठी जुन्या हॉटेलांत फॅमिली रूम असायची. आत कोंदट कप्पे, प्रत्येकाला पडदा किंवा छातीएवढी झुलती दारं, वर एक पंखा. बाईला चहा प्यायचा तर आडोशाला बसून. आणि एकटी बाई गेली तर ती फॅमिलीत धरायची की नाही, हा पोऱ्यालाच प्रश्न पडायचा. "आणि कोण यायचंय काय?" असं विचारून तो पाण्याचे दोन ग्लास आपटून जायचा. लग्नाआधी मी ट्यूशन घ्यायचे तेव्हा दोन बॅचच्या मधला वेळ खडेबाजारात कापडं बघत काढलेला आहे. घ्यायचं काही नसायचं. उभं राहायला कारण पाहिजे म्हणून.

आता ११ जून २०२३ पासून आपल्याकडे कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला. शक्ती योजना. त्यावरही ग्रुपवर विनोद झालेच, तो विषय वेगळा. (निपाणीच्या बाईची गंमत तर न्यारी. बेळगावला आली तर तिकीट शून्य, महाराष्ट्रातल्या कागलला जायचं तर मध्ये राज्याची हद्द. हद्दीपलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत बसली तर तिकडच्या योजनेने अर्धं तिकीट. सीमाप्रश्न कंडक्टरला तोंडपाठ असतो.) पण बस फुकट झाल्यावर खानापूर, कित्तूर, बैलहोंगलकडून बायका नुसत्या बाजाराला, डॉक्टरला, बहिणीला भेटायला बेळगावात येऊ लागल्या. दोघी-तिघी मिळून, घरात कुणाला पैसे न मागता. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. फक्त त्या उतरल्या की पुढे काय? गणपत गल्लीत खरेदी करायची, मारुती गल्लीत ढकलाढकली सोसायची, डॉक्टरकडे नंबर दुपारी चारचा. मधले दोन तास पिशव्या घेऊन कुठे टेकायचं? आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही ते म्हणजे संडास-बाथरूम. बाजाराला निघताना सकाळपासून पाणी कमी प्यायचं, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे आणि त्याच घरातल्या पुरुषाला ठाऊक नाही. मॉलमध्ये ते असतं, बऱ्यापैकी स्वच्छ असतं, दाराला कडी असते. माझ्या मते मॉलचा सगळ्यात मोठा शोध तो. कॉफी नंतर.

मागे एकदा दुपारी त्या कॉफीवाल्याकडे मी एकटीच होते. शेजारच्या टेबलावर मायलेकी येऊन बसल्या. आईच्या पायाशी कापडी पिशवी, तिच्यातून कोथिंबीर डोकावतेय, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. पोरगी कॉलेजातली असावी. तिने काउंटरवर जाऊन एक कॉफी सांगितली आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "बाय टू मिळतं काय?" काउंटरवरची मुलगी आधी हिंदीत बोलत होती. (तिथे पहिला प्रश्न कायम हिंदीत येतो, ना कानडी ना मराठी. भांडण मिटवायची त्यांची तऱ्हा.) बाय टू ऐकल्याबरोबर ती एकदम आपल्या भाषेवर आली. "तसं नसतंय गं इथं. थांब, रिकामा कप देतो." कप दिला, वर झाकणही दिलं. पोरीने टेबलावर आणून फेस मोडणार नाही अशा बेताने अर्धी अर्धी ओतली, आईच्या कपात साखरेच्या तीन पुड्या रिकाम्या केल्या. आईने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "आमच्या चुलीवरचा धूर लागलाय जणू ह्याला." पण बसल्या मात्र दीड तास. आईने चप्पल काढून पाय खुर्चीवर घेतले, कुणी काही बोललं नाही.

आईचं बरोबरच होतं म्हणा. कॉफी वाईट असते. दाणे करपेपर्यंत भाजतात, म्हणजे सगळ्या गावांत सगळ्या दुकानांत चव एकसारखी लागते, आणि एवढ्या दुधातही तो कडूपणा तोंडाला येतो. शिवाय आपल्याला लागते तशी कढत कधीच मिळत नाही. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकटं कर्नाटक पिकवतं. कोडगू आणि चिक्कमगळूर आपल्याच राज्यात. येमेनहून सात बिया लपवून आणणाऱ्या बाबा बुदनांच्या नावाचा डोंगर तिथेच आहे. आणि आपण तीच कॉफी इटालियन नावाने, कोमट, कागदाच्या कपातून पितो. उडप्याकडे पितळी फिल्टरमधून उतरलेलं डिकॉक्शन, त्यात चिकोरीचा दाटपणा, वाटी-पेल्यात वरखाली ओतून फेस आणलेला, पैसे दहाव्या हिश्शाला. चवीत ती दहा पटीने पुढे. पण उडप्याकडे तुमचा घोट संपायच्या आत फडकं घेऊन पोऱ्या उभा, आणि मागे खुर्ची धरून दोघं. ती कॉफी प्यायची असते, तिथे बसायचं नसतं. आणि घरात तर आपल्याकडे कॉफी म्हणजे सर्दी झाल्यावर जायफळ घालून, नाहीतर पाहुणा "चहा सोडलाय" म्हणाला तर. त्यामुळे चवीचं भांडण मला फारसं लढायचं नाही.

लग्नं जमवणाऱ्यांनी ह्या खुर्चीचा उपयोग आपल्या सगळ्यांच्या आधी ओळखला. हल्ली पहिली भेट तिथेच होते. दोन्हीकडचे चार-चार लोक आणि पोह्यांचे डोंगर लागत नाहीत, आणि नको म्हणायला मुलीला अर्ध्या तासात सुटता येतं. माझ्या भाचीने एकाला तिथेच नको म्हटलं आणि आपल्या कॉफीचे पैसे आपण देऊन आली. आमच्या वेळी नको म्हणायला मोठा मामा मध्ये घालावा लागायचा.

आता ज्यांना वाटतंय की मी मॉलची वकिली करतेय, त्यांच्यासाठी एवढं. माझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना ती खुर्ची मिळत नाही. दारातला सिक्युरिटीवाला त्यांना अडवत नाही, २३१ चा आकडा अडवतो, आणि त्याच्याही आधी सरकता जिना अडवतो. मी त्यांना एकदा म्हटलं, चला माझ्याबरोबर. म्हणाल्या, "नको बाई, तिथं बसून काय करू?" नुसतं बसायचं, काही करायचं नाही, हे त्यांच्या गणितातच नव्हतं. म्हणून मला खरा राग कॉफीवाल्याचा नाही. तो उघड धंदा करतोय. राग ह्याचा की शहरात बाईला टेकायला जागा द्यायचं काम त्याच्यावर पडलंय. बाजारात एक पत्र्याची शेड, आठ-दहा बाकडी, पाण्याचा नळ, आणि रोज धुतलं जाणारं, कडी लागणारं बायकांचं संडास. ह्याला किती पैसे लागतात हो? चौकाचौकांत कारंजी आणि रंगीत दिवे बसवून झाले, त्यातल्या एका चौकाच्या खर्चात झालं असतं. वॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत फिरायला जाता येतं म्हणाल, तर भरल्या पिशव्या घेऊन गणपत गल्लीतून टिळकवाडी गाठायची आणि तीही उन्हात?

तर गल्लीतल्या भावांनो, बिलाचा फोटो खुशाल फिरवा. पण पुढच्या वेळी निवडणुकीला उमेदवार हात जोडून दारात आला की रस्ता-गटारीबरोबर हेही विचारा. तुम्ही विचारणार नाही, म्हणून आम्ही चौघींनी अर्ज लिहायला घेतलाय. सह्या हव्यात, कानडीतली प्रत तयार आहे, मराठीतली शनिवारपर्यंत होईल. अर्ज कुठे बसून लिहितोय ते विचारू नका. एक कॉफी, चार रिकामे कप.